फार न राबता ऑनलाइन उत्पन्न: आपल्या खान्देशात खरंच कुणाला मिळतंय का?

सातपुड्याची_सून

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.एस्सी. झालंय. लग्नाआधी जळगावला एका क्लासमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवायचे. आता घर, दोन मुलं, सासू-सासरे, आणि केळी कापणीला आली की मजुरांचं चहापाणी. दुपारी दीड ते साडेतीन एवढा वेळ माझा, तोही लाइट असली तर.

घरात पैशाची ओढाताण नाही. पण माझ्या खात्यात माझे म्हणून चार पैसे असावेत, भाचीला काही घ्यायचं तर कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच मनात आहे. मोबाइलवर रोज दिसतं: झोपेत कमवा, ई-बुक टाका, ड्रॉपशिपिंग (माल न ठेवता दुसऱ्याचा माल विकणं) करा, एआयने व्हिडिओ काढा. एकदा बसवून दिलं की पुढे आपोआप चालतं म्हणे. यातलं खरं किती? पुण्या-मुंबईचे अनुभव नकोत, तिकडचं गणित निराळं. आपल्याकडचं कुणी करत असेल तर सांगा. दहा हजारांच्या वर घालायची तयारी नाही. मोबाइल चांगला आहे, लॅपटॉप जुना.

जिभाऊ_शिंदखेडा

ताई, झोपमा फक्त व्याज वाढस, नि ते बी आपलं नही, बँकनं. (हलकं घ्या.)

भुसावळ_जंक्शन

शेव-मुरमुरे घेऊन बसलोय. धागा पळणार.

केळीबाग_रावेर

मी करतो, म्हणून लिहितो. माझं केळीच्या भावाचं व्हॉट्सअ‍ॅप चॅनल आहे. रोज बऱ्हाणपूरचा भाव, रावेर-सावद्याचा भाव, नवती (नव्या लावणीची) काय, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली) काय, वापसी (कमी प्रतीचा, मागे पडलेला माल) काय, गाड्या किती भरल्या. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस सकाळी एक मेसेज टाकतो आणि दिवसभर पाय पसरून बसतो. त्या एका मेसेजसाठी उजाडायच्या आत फोन सुरू होतात. व्यापारी एक भाव सांगतो, ज्याच्या बागेत कापणी चालू आहे तो दुसराच सांगतो. चुकीचा टाकला तर संध्याकाळपर्यंत शिव्या.

चॅनलचा मला व्हॉट्सअ‍ॅप रुपया देत नाही. पैसे देतात टिशू कल्चर रोपांचे नर्सरीवाले, ठिबकवाले, दसरा-दिवाळीला ट्रॅक्टरवाले. म्हणजे जाहिरात. ती मागायला मोटारसायकलवर स्वतः जावं लागतं आणि उधारी वसूल करायला परत जावं लागतं.

ताई, तुमच्या घरी बाग आहे म्हणून तुम्हाला लगेच कळेल: हे उत्पन्न पिलबागेसारखं आहे. नव्या लावणीचा खर्च वाचतो, पण कोणतं पिल ठेवायचं आणि कोणतं कापायचं ते बघावंच लागतं, खतपाणीही चुकत नाही. मूळ लावणीच गेली असेल तर पिलबाग कशाची धरणार?

तरी चालतंय, कारण रावेरच्या शिवारातला आजचा भाव दिल्लीत बसलेला माणूस सांगू शकत नाही. तुम्हाला असं काय माहीत आहे जे दुसऱ्याला सहज सांगता येणार नाही, तिथून सुरुवात करा. मोबाइलवर दिसणाऱ्या यादीतून नको.

भुसावळ_जंक्शन

@केळीबाग, वापसीचा भाव पण टाकता? मग आमच्या धाग्यांना पण लावा एक. :D

पुण्यातला_अमळनेरकर

पुण्याचे अनुभव नकोत म्हणालात, पण जन्म अमळनेरचा आहे, तेवढी सवलत द्या.

यूट्यूबचं आधी सांगतो, कारण तिथेच जास्त लोक फसतात. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहणं लागतं, किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबरची खालची पायरी आहे, पण तिथे प्रेक्षकांनी आपणहून दिलेले पैसे वगैरेच, जाहिरातीचा वाटा नाही. तो सुरू झाला की मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले, शॉर्ट्सचे ४५. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाहीत. मराठी प्रेक्षकावर जाहिरातदार जो पैसा लावतो तो अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या मानाने अगदीच किरकोळ, त्यामुळे लाखभर व्ह्यूज ऐकून डोळे मोठे करू नका.

'एआयने व्हिडिओ काढा, चेहरा दाखवायची गरज नाही' हे जे चाललंय, त्याबद्दल जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने नियमाची भाषा आणखी स्पष्ट केली. एकाच साच्यातून काढलेल्या, घाऊक, अस्सल नसलेल्या व्हिडिओंना पैसे नाहीत. एआय वापरू नका असं कुठेही म्हटलेलं नाही. पण जे क्लासवाले शिकवतात, रोज पाच व्हिडिओ छापा, त्यालाच हा नियम लागतो. तो क्लासवाला मात्र फी आधीच घेऊन बसलेला असतो.

अवांतर: दहा डॉलर झाले की गूगल घरच्या पत्त्यावर टपालाने पिन (पत्ता पडताळायचा आकडा) पाठवतं. आपल्या गावात पत्ता 'मारुतीच्या पारामागे' असा असतो. पोस्टमनला आधी सांगून ठेवा.

आबा_पारोळा

अमळनेरकर यांच्याशी सहमत. माझा पुतण्या आणि त्याचे मित्र अहिराणी विनोदी व्हिडिओ काढतात. खळ्यात शूटिंग, माईक उसना, बाई मिळत नाही म्हणून एकाला लुगडं नेसवतात. अहिराणीला प्रेक्षक आहे, गाण्यांना तर कोटींनी व्ह्यूज जातात. पोरांचा एक व्हिडिओ असाच तुफान चालला. पण पार्श्वसंगीत म्हणून एका गाजणाऱ्या गाण्याचा तुकडा टाकला होता. गाण्याच्या मालकाचा दावा आपोआप लागला आणि त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई तिकडे वळली. पोरं म्हणतात, आबा, व्ह्यूज आमना नि पैसा त्यासना!

आता लग्नसराईत हळदीला, वाढदिवसाला बोलावणी येतात, त्यात पैसे सुटतात. फार न राबता म्हणाल तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एडिटिंग करत बसलेले असतात.

चाळीसगावची_चारू

अमळनेरचा विषय निघालाच आहे तर, काही न करता पैसे मिळणं म्हणजे काय ते अमळनेरच्या जुन्या लोकांना विचारा. विप्रोचे शेअर घेतले, ट्रंकेत ठेवले आणि विसरले.

पुण्यातला_अमळनेरकर

@चारू, खरं आहे ते. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरलाच ही कंपनी निघाली, तेव्हाचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, वनस्पती तुपाची. महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी सुरू केली, १९६६ ला अझीम प्रेमजींनी हातात घेतली. गावातल्या लोकांनी तेव्हा शेअर घेतले, ते बोनसवर बोनस होत गेले, आणि आज साध्या घरात राहणाऱ्या माणसाकडे कोटींचे शेअर निघतात. पण त्यात एक अट होती: कित्येक वर्षं न विकणं. आमच्या घरात ती अट कुणालाच पाळता आली नाही. :(

जिभाऊ_शिंदखेडा

आमना आजानी तवय शेअर नही, बैल लिन्हात.

तापीकाठ

हसण्यावारी चाललंय, पण एक गंभीर गोष्ट लिहून ठेवतो. ताई, 'कमी मेहनत, रोजचे पैसे' असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका.

आमच्या शेजारच्या मुलाला टेलिग्रामवर काम मिळालं होतं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या. पहिल्या दिवशी खरंच पैसे आले. मग म्हणाले, आता 'प्रीपेड टास्क', आधी भरा, वाढवून परत देऊ. स्क्रीनवर त्याची रक्कम फुगत होती, काढायला गेला की आणखी भरा. कापसाचे आलेले पैसे त्यात गेले. हा प्रकार देशभर इतका माजला की ६ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणाऱ्या १०० हून जास्त वेबसाइट बंद केल्या. त्यानंतर नव्या नावाने नव्या आल्याच.

असं झालं तर शरमेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी) फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर काही रक्कम अडवता येते, दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा नाही.

याहून वाईट म्हणजे खातं भाड्याने देणं. 'तुमचं बँक खातं आणि सिम वापरायला द्या, महिन्याला इतके देतो.' कॉलेजच्या मुलांना हे फार सोपं वाटतं, कारण काहीच करायचं नसतं. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. खातं गोठतं, गुन्हा दाखल होतो, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकतं. गावातल्या पोरांना हे मुद्दाम सांगा.

कमाई_गुरू_२४

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. – व्यवस्थापक]

भुसावळ_जंक्शन

मी वाचला होता! 'घरबसल्या रोज ५०००, टेलिग्रामवर या.' तापीकाठच्या प्रतिसादाच्या बरोब्बर खाली. हिंमत बघा.

खुसपट

मुळात घरात कमी नाही तर हा उपद्व्याप कशाला? दोन तास मिळतात ते मुलांच्या अभ्यासाला द्यावेत. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

चाळीसगावची_चारू

@खुसपट, तुमच्या घरात कमी आहे म्हणून तुम्ही नोकरी करता का? मग पगार आईच्या खात्यात का जात नाही?

धुळ्याची_माई

चारू, सोड गं. खुसपटराव, माझे यजमान होते तोवर मलाही कधी कमी पडलं नाही. ते गेले तेव्हा पासबुक कुठल्या कपाटात आहे इथपासून मला शोधावं लागलं. पोरगी विचारतेय ते बरोबर विचारतेय.

आता मुद्द्याचं. मी बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, कुरडया आणि काळा मसाला विकते. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टाग्रामवर येतात, म्हणजे याला ऑनलाइन धंदा म्हणायचं. पण ऑनलाइन फक्त ऑर्डर येते, बाकी सगळं गच्चीवर. ज्वारी भिजत घालायची, वाळवायची, दळायची, पहाटे उठून पीठ हाटायचं आणि ऊन चढायच्या आत खाटेवर कापड अंथरून थापायचं. धुळ्याचं एप्रिल-मेचं ऊन माहीत आहे ना? दोन तासांत बसणारं हे काम नाही. सोबत चार बाया लागतात.

नवीन माणसाला कुणी सांगत नाही अशा गोष्टी सांगते. बिबडे हलके, खोकं मोठं, आणि कुरिअरवाला वजन नाही, खोक्याचं माप धरतो. शिवाय पोचेपर्यंत अर्धे मोडतात. म्हणून मी आता लहान आकाराचेच थापते. 'माल आल्यावर पैसे देऊ' हे पूर्ण बंद केलं, कारण दारात नाकारलेलं खोकं परत येतं, जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्या डोक्यावर. त्याला ते लोक आरटीओ म्हणतात, मला आधी वाटलं गाडीच्या लायसनचं काही असेल. खाण्याचा पदार्थ आहे म्हणून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता लिहावा लागतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची) फुकट होते, सरकारी पोर्टलवर स्वतः करा. एजंट त्याचेच पैसे घेतात.

शिरपूरकर

माई, जीएसटी नाही का लागत? आमच्या सीएने घाबरवून सोडलंय.

धुळ्याची_माई

@शिरपूरकर, मोठ्या शॉपिंग ॲपवर माल विकायचा तर आधी उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या माणसाला आपल्या राज्यातल्या राज्यात विकायला ती लागत नाही, नुसता एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा.

पण आपली खरी अडचण काय आहे सांगू? आपलं अर्धं खान्देश राहतं सुरतला. उधना, लिंबायत, सगळी आपलीच माणसं, बिबड्यांना जीव टाकणारी. आणि सुरत पडलं दुसऱ्या राज्यात! पापडावर जीएसटी शून्य आहे म्हणून नुसते पापड पाठवले तर निभावतं, त्याच खोक्यात काळा मसाला टाकला की नोंदणीचा प्रश्न सुरू. मी सुरतचा मसाला येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर धाडते, पण तो काय व्यापार झाला?

जिभाऊ_शिंदखेडा

माई, उधनाले मन्हा साडू शे. तो दर आठवडाले येस. मसालानी पिशवी नि साडू, दोन्ही परत धाडी देवो.

पथारी_नंदुरबार

मला वाटतं सगळेच जरा जास्त घाबरवताय. मूळ प्रश्न कमी राबून होणाऱ्या गोष्टीचा होता. माझं तसं एक चालू आहे.

मी फोटो विकतो. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्या असतात, गावाबाहेर एकरच्या एकर लाल. हौस म्हणून काढलेले फोटो एका मित्राच्या सांगण्यावरून स्टॉक फोटोच्या साइटवर टाकले. अडोबी स्टॉकवर फोटोचा विकल्या किमतीच्या ३३ टक्के वाटा मिळतो, २५ डॉलर साठले की काढता येतात. जुने फोटो अजून अधूनमधून विकले जातात, मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. याला आपोआप म्हणायला हरकत नाही.

आता रक्कम. वर्षाचा मोबाइल रिचार्ज आणि दिवाळीचे फटाके निघतात. बस्स. एआयने काढलेल्या चित्रांचा पूर आल्यापासून साधं फूल, सूर्यास्त, डोंगर यांना कुणी विचारत नाही. मिरची निवडणाऱ्या बायांचे हात, कापूस भरलेली बैलगाडी, सातपुड्यातला होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, असलं खरं काही असेल तर चालतं. पण चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते. फोटो काढल्यावर बाईंकडे सही मागितली की तिला वाटतं मी तिची जमीन लिहून घेतोय.

केळीबाग_रावेर

@पथारी, हेच तर म्हणतोय. तुमच्या गावात पथारी आहे म्हणून तुमचा फोटो विकला गेला.

शिरपूरकर

आणि ते ई-बुकचं काय? ताईंनी विचारलं होतं, कुणी बोललंच नाही. ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तक टाकलं की आयुष्यभर रॉयल्टी, असं एक जण सांगत होता.

पुण्यातला_अमळनेरकर

@शिरपूरकर, टाकता येतं, मराठीही चालतं, टाकायला पैसे लागत नाहीत. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवी असेल तर ते ई-बुक दुसरीकडे कुठे विकायचं नाही अशी अट असलेल्या योजनेत ठेवावं लागतं. आयुष्यभर रॉयल्टी हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. कुणी विकत घेतलं तर!

एआयने पुस्तकं पाडणाऱ्यांची तिथे एवढी गर्दी झाली की सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनला दोन नियम करावे लागले: एआयचा मजकूर असेल तर तसं कळवायचं, आणि एका माणसाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकायची नाहीत.

चाळीसगावची_चारू

दिवसाला तीन ही मर्यादा?? फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा आलेल्या लेखकांना हे सांगायला हवं होतं.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे एक कवी आहेत, त्यांना ही मर्यादा अन्यायकारक वाटेल.

व्यवस्थापक

कवींवरचं अवांतर वेगळ्या धाग्यावर न्यावं. धागालेखिकेचा प्रश्न दुपारच्या दोन तासांचा आहे.

गुरुजी_साक्री

व्यवस्थापकांनी आठवण केली ते बरं झालं. मी निवृत्त शिक्षक. नोकरीत असताना हे करता येत नव्हतं, सेवानियम आड येतात, म्हणून निवृत्तीनंतर सुरू केलं. नवोदय आणि शिष्यवृत्तीचे सराव संच तयार करून पीडीएफ विकतो. ताईंनी गणित-विज्ञान शिकवलंय हे वाचलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवोदयच्या सहावी प्रवेशाचा पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दोन तासांचा. मानसिक क्षमता ४० प्रश्न, अंकगणित २०, भाषा २०. रचना ठरलेली असल्याने एकदा केलेला संच पुढच्या वर्षीही चालतो. शिष्यवृत्तीचं तसं नाही. ती परीक्षा पाचवी-आठवीला होती, ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचा निर्णय झाला आणि माझे पाचवीचे संच एका फटक्यात जुने झाले. आपोआप चालणाऱ्या वस्तूला सरकारी निर्णय थांबवू शकतो हे ध्यानात ठेवा.

कष्ट कुठे आहेत? आकृत्यांत. मानसिक क्षमतेत आकृत्याच आकृत्या, आणि एक रेघ चुकली की दोन उत्तरं बरोबर येतात. पालक लगेच फोन करतात, आणि करायलाच हवा. माझा बहुतेक वेळ उत्तरसूची तपासण्यात जातो. बालभारतीच्या पुस्तकातला उतारा किंवा चित्र उचलू नका, हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे आहेत. मागच्या वर्षांचे प्रश्न जसेच्या तसे छापून विकण्यापेक्षा त्या धर्तीवर स्वतः प्रश्न काढावेत. शिकवलेल्या माणसाला ते जमतं.

विक्रीचं दुःख वेगळं. पहिला संच एका पालकाने विकत घेतला आणि सगळ्या तालुक्याने वाचला. व्हॉट्सअ‍ॅपला काय, एक बोट लागतं. आता प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक पानाला, घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर फिकट अक्षरांत टाकतो. तरी फिरतं, पण कमी फिरतं. स्वतःचा नंबर गावभर जाईल म्हणून लोक जरा जपतात.

शिरपूरकर

गुरुजी, पैसे कसे घेता?

गुरुजी_साक्री

यूपीआय. पण त्यासाठी वेगळं बचत खातं काढलं आहे, पेन्शनच्या खात्यात घेत नाही. अनोळखी माणसाकडून आलेल्या रकमेत एखादी फसवणुकीतली निघाली तर बँक खातं गोठवू शकते, मग पेन्शनही अडकेल. तापीकाठ यांनी लिहिलंच आहे.

खुसपट

हे मात्र चांगलं आहे. मुलांचा अभ्यासही होईल.

चाळीसगावची_चारू

आले, आले, खुसपट आले लायनीवर!

सातपुड्याची_सून

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. इतके येतील असं वाटलं नव्हतं.

माई, तुमचं पासबुकचं वाचून दुपारी उठून आधी माझं पॅन आणि आधार कुठे आहे ते शोधलं. सापडलं, यजमानांच्या फाइलमध्ये.

बिबडे माझ्याच्याने होणार नाहीत, सासूबाईंच्या हातचे होतात तेवढे घरालाच पुरत नाहीत. चेहरा दाखवून व्हिडिओ गावात जमणार नाही आणि चेहरा न दाखवता तसले घाऊक व्हिडिओ मला करायचे नाहीत. गुरुजींचं पटलं. नवोदयचे अंकगणित आणि मानसिक क्षमतेचे संच करते. पेपर दोन तासांचा आणि माझ्याकडेही दोनच तास, तेव्हा निदान स्वतः सोडवून बघता येईल. सध्या कापणी आहे, त्यामुळे नीट बसणं होणार नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाईन, तेव्हा आकृत्या काढून होतील. अर्ज पावसाळ्यात निघतात, त्याआधी तयार हवेत.

दोन शंका. जुन्या लॅपटॉपवर आकृत्या कशात काढू? आणि किंमत किती ठेवू?

धुळ्याची_माई

आखाजीला माहेरी जाऊन काम करणार? मग झोक्यावर कोण बसेल गं?

सातपुड्याची_सून

माई, आईकडे गेलं की चहासुद्धा हातात येतो. तिथे काम केलं तरी सुट्टीच वाटते.

गुरुजी_साक्री

मी लिब्रेऑफिसमध्ये काढतो. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, मराठी युनिकोडही नीट येतं. आकृत्या त्यातल्याच ड्रॉमध्ये. आधी कागदावर पट्टीने काढून घ्या, मग तिथे. पहिला संच तयार झाला की मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, उत्तरसूची तपासून देतो. आणि एक संच फुकट वाटा, तो फिरू द्या, त्याच्या शेवटच्या पानावर बाकीच्यांची माहिती टाका. फिरतंच आहे तर आपल्या कामाचं फिरू दे.

पुण्यातला_अमळनेरकर

किंमत ४९ ठेवा. पन्नासच्या आत पालक विचार करत नाहीत.

गुरुजी_साक्री

४९ ला एक संच देऊ नका, पाचांचा गठ्ठा करून ९९ ला द्या. एकेका संचासाठी पैसे आले का बघणं, नाव-नंबर टाकणं, पाठवणं, यातच तुमची दुपार जाईल.

शिरपूरकर

९९ जास्त होतात. गावाकडचा पालक झेरॉक्सचे पण पैसे मोजतो, ते धरा.

आबा_पारोळा

झेरॉक्सवाल्यालाच धरा की. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे छापील संच ठेवायचे, विकल्यावर त्याचं त्याला. ज्याच्याकडे मोबाइल आहे पण प्रिंटर नाही असा पालक शेवटी त्याच्याकडेच येतो.

केळीबाग_रावेर

भाव ठरत नसेल तर सांगा, बऱ्हाणपूरला फोन लावतो.